शनिवारचा खाऊ

स्वीडनच्या अगदी दक्षिण टोकाला स्कोने नावाचा जो सपाट आणि सुपीक प्रांत आहे, त्यातील लुंड हे गाव जुन्या विद्यापीठासाठी आणि बाराव्या शतकातील दगडी कॅथीड्रलसाठी सर्वश्रुत आहे. याच गावाच्या पूर्व अंगाला १९३५ साली स्वीडनच्या सरकारने विपेहोल्म नावाचे एक मोठे इस्पितळ उघडले. आणि साखर व दातांची कीड यांच्या संबंधाविषयी कोणताही दंतवैद्य आज जे निःशंकपणे सांगतो, त्याच्या पुराव्याचा फार मोठा भाग या इस्पितळाच्या भिंतींआड, तेथे ठेवल्या गेलेल्या असहाय माणसांच्या तोंडांत जमा झाला. हा पुरावा कसा जमला, त्याची किंमत कोणी दिली, आणि मुलांना आठवड्यातून एकाच वारी खाऊ देण्याची जी चाल त्यातून स्वीडनच्या घराघरांत पडली ती कशी पडली, हा इतिहास मराठी वाचकासमोर तपशिलाने यावा असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. कारण ऊस ज्यांच्या शेतात पिकतो आणि साखर ज्यांच्या राजकारणाचा कणा होऊन बसली आहे, अशा लोकांनी साखरेचा हा दुसरा जमाखर्चही नीट वाचलेला असला पाहिजे.

साखर ही वस्तू मुळात आपल्याच भूमीतली. उसाचा रस आटवून त्याची दाणेदार साखर करण्याची कला भारतात सिद्ध झाली, ती इराण व अरबस्तानच्या वाटेने भूमध्य समुद्राकडे गेली, आणि सातव्या शतकात चीनच्या तांग सम्राटाने ती शिकून घेण्यासाठी मगधात माणसे धाडली. दात किडण्याचा विकारही तितकाच पुरातन. सुश्रुताने दंतरोगांत कृमिदंतकाची गणना केली आहे, आणि दाताच्या पोकळीत एक किडा राहून तो पोखरतो ही समजूत बाबिलोनपासून युरोपपर्यंत सर्वत्र रूढ होती. परंतु जोवर साखर वैद्याच्या पुडीत, देवाच्या प्रसादात आणि सरदार-सावकारांच्या पंक्तीत होती, तोवर तिच्यापायी किडणारे दातही त्या पंक्तीतलेच असत. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिला १५९८ साली समक्ष पाहणारा पाउल हेंट्झनर हा जर्मन प्रवासी तिच्या काळ्या पडलेल्या दातांची नोंद करतो आणि हा दोष इंग्रजांना अतिरेकी साखर खाण्याने जडतो असेही लिहून ठेवतो. पुढे वेस्ट इंडीजच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर साखर पिकू लागली, तेव्हा ती राजवाड्यातून उतरून मजुरांच्या चहात आली. इंग्लंडमध्ये १७०० च्या सुमारास माणशी वर्षाला सुमारे ४ पौंड साखर खपत असे, १८०० च्या सुमारास ती १८ पौंड झाली, आणि १८७४ मध्ये साखरेवरील जकात पूर्णपणे उठल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी तो आकडा ९० पौंडांच्या घरात गेला.

स्वीडनसारख्या उत्तरेकडील थंड देशाला ऊस कोठून मिळणार? त्याची गरज बीट या कंदाने भागविली. बर्लिनच्या मार्गग्राफ या रसायनज्ञाने १७४७ मध्ये बीटच्या मुळातून साखरेचे स्फटिक वेगळे करून दाखविले, त्याच्या आखार्ड या शिष्याने पुढच्या शतकाच्या आरंभी सायलेशियात त्याचा पहिला कारखाना काढला, आणि नेपोलियनच्या युद्धांत सागरी व्यापार बंद पडताच या धंद्याला राजाश्रय मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धंदा स्कोनेच्या काळ्या जमिनीत असा रुजला, की लुंडच्या आसपासची शेते बीटने भरून गेली, आणि १९०७ साली निरनिराळे कारखाने एकत्र येऊन त्यांची एकच बलाढ्य कंपनी उभी राहिली. ज्या मातीत स्वीडनची साखर पिकत होती, त्याच मातीत तिच्या परिणामांची चौकशी पुढे व्हावयाची होती.

चौकशीची शास्त्रीय बैठक त्यापूर्वीच घातली गेली होती. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दातातील किड्याची समजूत खोडून काढली होती आणि गोड पदार्थांविषयी सावधगिरीचा इशारा दिला होता. पण गोडाने दातावर नेमके काय घडते, ते सांगण्याची साधने त्याच्या काळी नव्हती. ते काम बर्लिनमध्ये वास्तव्य करून रॉबर्ट कॉखच्या जंतुशास्त्राचे संस्कार घेतलेल्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने केले. उपटलेले दात त्याने लाळेत भिजविलेल्या पावाबरोबर व साखरेबरोबर ऊबेत ठेवून पाहिले, तेव्हा त्यांचा कठीण थर मऊ पडला; तेच दात लाळेत भिजलेल्या मांसाबरोबर ठेवले, तेव्हा तसे काही झाले नाही. १८९० साली त्याने मानवी मुखातील सूक्ष्म जंतूंवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करून असे प्रतिपादन केले, की तोंडातील जंतू पिष्ट व शर्करा आंबवितात, त्यातून आम्ल निर्माण होते, आणि ते आम्ल दातातील खनिज विरघळविते. १९२४ साली लंडनच्या क्लार्क याने किडलेल्या दातांतून एक विशिष्ट जंतू वेगळा काढून त्याला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटान्स असे नावही दिले. परंतु हा शोध पुढची जवळजवळ चाळीस वर्षे अडगळीत पडून राहिला.

तो पडून राहण्याचे कारण त्या काळातील विद्वानांचा कल दुसरीकडे होता हे होय. पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत जीवनसत्त्वांच्या शोधांनी वैद्यकविद्या भारून गेली होती. इंग्लंडमध्ये मे मेलनबी या विदुषीने ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावी दातांची घडण कच्ची राहते हे दाखविले होते, आणि त्यावरून दात किडण्याचे मूळ आहारातील उणिवेत आहे, आहारातील अतिरेकात नाही, असे मानणारा एक मोठा पक्ष निर्माण झाला होता. त्या पक्षाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पण साखरेचे कारखानदार, चॉकलेटचे व्यापारी आणि मुलांना मिठाई देऊन रिझविणारे आईबाप या सर्वांनाच ते सोयीचे होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

अशा परिस्थितीत स्वीडनच्या संसदेने १९३८ साली सार्वजनिक दंतसेवेचा कायदा मंजूर केला. देशातील लहानथोरांचे दात इतके किडलेले होते, की ते सर्व भरून काढावयाचे म्हटले तर दंतवैद्य पुरे पडत नव्हते आणि खजिन्यावर येणारा बोजा दरसाल वाढतच जाणार होता. तेव्हा किडलेले दात भरीत बसण्यापेक्षा कीड लागूच नये याची काही तजवीज करता येईल काय, याची तहकीकात करण्याचे काम सरकारी वैद्यक मंडळाकडे सोपविण्यात आले. हेतू निःसंशय लोककल्याणाचा होता. दारिद्र्यातून वर येणाऱ्या एका लहान राष्ट्राने आपल्या शेतमजुराच्या मुलालाही निरोगी दात मिळावेत असा संकल्प करावा, ही त्या काळी जगात दुर्मिळ अशी गोष्ट होती, आणि पुढे जे घडले त्याचा विचार करताना या संकल्पाचे मोठेपण विसरता कामा नये.

अडचण प्रयोगाच्या जागेची होती. दाताची कीड महिन्या-दोन महिन्यांत दिसत नाही. एकाच समूहाच्या आहारावर वर्षानुवर्षे देखरेख ठेवावी लागते, त्याने काय खाल्ले आणि केव्हा खाल्ले याचा घास-घासाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि मध्येच कोणी निघून गेल्यास सगळे मुसळ केरात जाते. घरसंसारात राहणाऱ्या माणसांवर असा अंमल कोण चालविणार? म्हणून मंडळाची दृष्टी विपेहोल्मकडे वळली.

विपेहोल्म हे मनोदुर्बल माणसांसाठी सरकारने चालविलेले देशातील सर्वांत मोठे इस्पितळ. सुमारे एक हजार माणसे तेथे राहत. सरकारी दप्तरात त्यांची नोंद ‘शिकविता न येण्याजोगे’ या सदराखाली होत असे, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्या दारातून आत जाणे म्हणजे बाहेरच्या जगाशी संबंध संपणे असे. प्रारंभापासून १९६३ पर्यंत ह्यूगो फ्रोडरबर्ग हे तेथील मुख्य वैद्य होते. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षांत या इस्पितळातील मृत्यूंची संख्या एकदम वाढली होती, आणि तेथील माणसांना पुरेसे अन्न मिळत होते की नव्हते, हा प्रश्न पुढे स्वीडनमध्ये फार कडवटपणे विचारला गेला. अशी ही जागा. येथील माणूस नकार देऊ शकत नव्हता, तक्रार करू शकत नव्हता, बाहेरून आणलेले काही खाऊ शकत नव्हता; आणि प्रयोगकर्त्याच्या दृष्टीने नेमका हाच तिचा गुण ठरला.

१९४५ साली काम सुरू झाले ते निरुपद्रवी मार्गाने. पहिल्या टप्प्यात काही रुग्णांना जीवनसत्त्वे व खनिजे देऊन पाहण्यात आली. त्याने कीड थांबली नाही. त्यानंतर, १९४७ पासून, प्रश्नाची दिशा पालटली. दात कशाने वाचतात हे शोधणारे आता दात कशाने बिघडतात हे शोधू लागले, आणि ज्यांच्या दातांवर हे शोधावयाचे त्यांचे दात बिघडणे हाच प्रयोगाच्या यशाचा दाखला ठरू लागला. रुग्णांचे गट पाडले गेले. एका गटाला साखर वाढविलेली नव्हती. दुसऱ्याला जेवणाबरोबर साखरेचे पाणी दिले जाई, आणि त्यात काही काळ दिवसाला ३०० ग्रॅमपर्यंत साखर असे. तिसऱ्याला जेवणात गोड, चिकट पाव. आणखी काही गटांना दोन जेवणांच्या मधल्या वेळी चॉकलेट, कॅरमेल, रोज आठ टॉफी, आणि शेवटच्या गटाला रोज चोवीस टॉफी.

या टॉफीविषयी जरा थांबून सांगितले पाहिजे. ती बाजारातली साधी टॉफी नव्हती. ती दातांना चिकटून राहावी, दाढांच्या खाचांत अडकून बसावी आणि सावकाश विरघळावी, अशा बेताने ती प्रयोगासाठी मुद्दाम तयार करविली होती; आणि चोवीस टॉफी एकदम न देता दिवसभर विभागून दिल्या जात, म्हणजे एकीचा गोडवा तोंडातून जातो न जातो तोच दुसरी हाती पडावी. संशोधक खाल्ल्यानंतर लाळेचे नमुने घेऊन तीत साखर किती वेळ टिकते हेही मोजून पाहत. ज्या माणसाच्या दिवसात दुसरा विरंगुळा क्वचितच येई, त्याला ही गोड वस्तू किती प्रिय झाली असेल याची कल्पना करता येते. ती देणारा हात आपल्या दातांचे काय करीत आहे, हे त्याला कळण्याचा संभवच नव्हता.

निष्कर्ष मात्र असे स्पष्ट निघाले, की वैद्यकाच्या इतिहासात इतका स्वच्छ निकाल क्वचितच हाती येतो. जेवणाबरोबर साखरेचे पाणी भरपूर प्रमाणात घेणाऱ्यांच्या दातांत कीड फारशी वाढली नाही. गोड पावाने ती थोडी वाढली. मधल्या वेळी चिकट मिठाई खाणाऱ्यांत ती झपाट्याने वाढली, आणि चोवीस टॉफींच्या गटात तर तिला धरबंध राहिला नाही. मिठाई बंद करताच नव्या किडीचे प्रमाण पुन्हा पूर्ववत खाली आले. किडून गेलेले दात अर्थातच परत आले नाहीत. व्यक्तिव्यक्तींतील भेदही मोठा होता, एकच आहार एकाचे दात खाऊन टाकी आणि दुसऱ्याचे बरेचसे शाबूत ठेवी. पण गटाचा गटाशी मेळ घातला असता शंकेला जागा उरली नाही: साखर एकंदर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, केव्हा खाल्ली आणि दातांवर किती वेळ रेंगाळली, यांवर कीड अवलंबून असते.

याची उपपत्ती त्याच दशकात अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांच्या मापनांनी दिली होती. साखरेच्या पाण्याने खळखळून चूळ भरली की दातांवरील जंतूंच्या थरात काही मिनिटांतच आम्लता वाढते. ती एका मर्यादेपलीकडे, म्हणजे सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातून खनिज झरू लागते. आणि अर्ध्या-पाऊण तासात लाळ त्या आम्लाचे निरसन करून, आपल्यातील कॅल्शियम व फॉस्फेट देऊन, झालेली झीज बरीचशी भरून काढते. दिवसातून तीनदा जेवणाऱ्याच्या दाताला या दुरुस्तीसाठी तासन्‌तास मिळतात. दर तासाला टॉफी खाणाऱ्याच्या दाताला ते मिळतच नाहीत. एक आम्लाचा झोत ओसरण्याआधीच दुसरा येतो, आणि सतत ओल धरलेल्या भिंतीसारखे ते कवच आतून भुसभुशीत होत जाते. १९५४ साली अमेरिकेत जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांना भरपूर साखर खाऊ घातली असता त्यांचे दात किडले नाहीत, तेव्हा मिलरचे म्हणणेही सिद्ध झाले: साखर आणि जंतू ही दोन्ही हजर असतील तरच कीड लागते.

विपेहोल्मचा विस्तृत अहवाल ४३६ व्यक्तींच्या पाच वर्षांच्या निरीक्षणाचा वृत्तान्त म्हणून १९५४ मध्ये एका स्कँडिनेव्हियन दंतशास्त्रीय नियतकालिकात छापून आला. त्यावर बेंग्ट गुस्टाफ्सन यांच्यासह सात संशोधकांची नावे होती. या कामासाठी पैसा सरकारने दिला तसाच साखर, चॉकलेट व मिठाईच्या कारखानदारांनीही दिला होता. ज्या मालाची चौकशी व्हावयाची त्याच मालाचे धनी चौकशीचा खर्च भरीत होते. सरकार, शास्त्रज्ञ आणि कारखानदार या तिघांचे हितसंबंध या प्रयोगात कसे गुंतले होते, याचा समग्र शोध एलिन बोम्मेनेल या स्वीडिश अभ्यासिकेने जुने दस्तऐवज तपासून २००६ साली आपल्या प्रबंधात घेतला. आणि हेही लक्षात ठेवावे, की ज्या १९४७ साली विपेहोल्ममध्ये मिठाईचा टप्पा सुरू झाला, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायासनाने नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल देताना असे तत्त्व घालून दिले, की ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती सर्वथा अनिवार्य आहे. ते तत्त्व लुंडच्या इस्पितळापर्यंत पोहोचले नाही. विपेहोल्मचे संशोधक क्रूर होते असे मी म्हणत नाही. त्यांनी शरीरयातनांचे प्रयोग केले नाहीत आणि त्यांचा उद्देशही हीन नव्हता. पण ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही अशांनाच त्यांनी निवडले, आणि म्हणता येत नव्हते म्हणूनच निवडले. याला अन्याय म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

निष्कर्षांचा उपयोग कसा करावा, याची चर्चा स्वीडनमध्ये अहवाल येण्यापूर्वीच सुरू झाली होती. मिठाई संपूर्ण बंद करा असे सांगितले असते तर कोणी ऐकले नसते, आणि साखरेच्या धंद्यावर पोट भरणाऱ्या स्कोनेच्या शेतकऱ्यांचा प्रश्न उभा राहिला असता. विपेहोल्मच्या निष्कर्षाने मधला मार्ग मोकळा करून दिला. वेळांची संख्या घटविणे हेच जर मुख्य, तर मुलांना हवी तितकी मिठाई खाऊ द्यावी, परंतु आठवड्यातून एकदाच. अशी शिफारस आरोग्य खात्याने पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आणली. वार ठरला शनिवार. त्यातून शनिवारच्या खाऊची जी चाल स्वीडनमध्ये पडली, ती इतकी खोल रुजली की आज तेथील पुष्कळ लोकांना ती कोणा सरकारी मंडळाच्या शिफारशीतून आली हेच ठाऊक नाही. शनिवारी दुपारी दुकानात जाऊन कागदी पिशवीत सुट्या गोळ्या निवडून भरून घेणे हा तेथील बालपणाचा एक सोहळा होऊन गेला आहे. स्वीडिश मुलांचे दात पुढे सुधारले, पण त्याचे श्रेय एकट्या शनिवारला देता येत नाही. सत्तरीच्या दशकापासून फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा जो सर्वत्र प्रसार झाला, त्याचा त्यात मोठा वाटा आहे.

ज्यांना विपेहोल्मच्या मार्गाने जावेसे वाटले नाही त्यांच्यासाठी दुसरे पुरावेही उपलब्ध होते. युद्धकाळात नॉर्वे व जपान या देशांत साखर जवळजवळ दिसेनाशी झाली, तेव्हा तेथील मुलांच्या दातांची कीड घटली आणि साखर परतताच ती पुन्हा वाढली. ऑस्ट्रेलियात बाउरल येथील होपवुड हाऊस या बालकाश्रमात १९४२ पासून मुलांना साखर व मैदा वर्ज्य करून वाढविण्यात आले. त्यांच्या दातांची जी तपासणी १९४७ ते १९६२ या काळात झाली, तीत बाहेरच्या मुलांच्या मानाने कीड फारच थोडी आढळली, आणि आश्रम सोडून ती मुले बाहेरच्या आहारावर गेली तेव्हा त्यांच्या दातांचे संरक्षणही संपले. येथेही मुलांना कोणी विचारले नव्हते. परंतु त्यांना जे दिले गेले ते त्यांच्या हिताचे होते, एवढा फरक मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत मात्र साखरेच्या व्यापाऱ्यांची संघटना साठीच्या दशकात वेगळ्याच दिशेने गेली. साखर कमी करावी हे सूत्र टाळून दातांवरील थर विरघळविणारी द्रव्ये आणि किडीची लस शोधण्यावर तिने भर दिला, आणि १९७१ साली तेथील सरकारने किडीविरुद्ध जो राष्ट्रीय कार्यक्रम आखला त्यावर तिच्या मसुद्याचा ठसा उमटला. जुन्या कागदपत्रांतून ही हकीकत २०१५ साली उजेडात आली.

आता थोडे आपल्याकडे. विपेहोल्ममध्ये टॉफींचा हिशेब चालू होता, त्याच वर्षांत अहमदनगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा करीत होते. प्रवरेच्या काठी १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला, आणि तेथून महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाचे अर्थकारणच पालटले. त्याआधी वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली नाशिक जिल्ह्यात रावळगावला कारखाना काढला होता, आणि त्याच्या गोळ्या-चॉकलेटांनी मराठी मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे बालपण गोड केले. या कर्तबगारीविषयी मला अभिमानच वाटतो. परंतु साखर सर्वसुलभ झाल्याने आपल्या खाण्याच्या रीतीत जो बदल झाला, तो विपेहोल्मच्या फूटपट्टीने मोजण्याचे आपल्याकडे कोणी फारसे मनावर घेतलेले नाही.

आपली जुनी रीत काय होती? पक्वान्न हे ताटातले. पुरणपोळी, श्रीखंड, जिलबी ही वरणभाताच्या, आमटी-भाजीच्या आणि ताकाच्या संगतीत खाल्ली जात, आणि जेवण उरकले की चूळ भरून तोंड स्वच्छ करण्याचा शिरस्ता असे. संक्रांतीचा तिळगूळ, उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे ठेवलेले गूळपाणी, गणपतीचे मोदक, दिवाळीच्या करंज्या या सर्वांना काळवेळ होता. हे सर्व दातांच्या रक्षणासाठी कोणी योजिले होते असा दावा मी करीत नाही; गूळही किडीच्या बाबतीत निर्दोष नाही, आणि दाढेत अडकणारा तिळगूळ टॉफीहून वेगळे वागत नाही. पण वर्षातून एका दिवसाचा तिळगूळ आणि दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा, त्याच्या सोबत बिस्किटे, रस्त्याने गोळी, संध्याकाळी शीतपेयाची बाटली घोट-घोट घेत बसणे, यांत जे अंतर आहे, तेच विपेहोल्मच्या जेवणगटात आणि टॉफीगटात होते. आपण पंक्तीतून उठून टॉफीच्या गटात जाऊन बसलो, आणि तेही कोणी न बसविता. तान्ह्या मुलाच्या तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली रात्रभर ठेवून त्याला झोपविणारी माता त्याच्या पुढच्या दातांवर नेमका हाच प्रयोग करीत असते. झोपेत लाळ आटते, आणि दुरुस्तीची जी थोडी सोय असते तीही बंद पडते. अशा मुलाचे वरचे पुढचे दात हिरडीलगत आधी पांढुरके, मग तपकिरी होत जातात. हे डाग दिसताच बाटली थांबविली आणि मूल दंतवैद्याला दाखविले तर पुष्कळ वेळा ते दात वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशी शिफारस केली, की खाण्यात वरून घातलेली साखर एकंदर उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या. ही खालची मर्यादा प्रौढ माणसाला दिवसाकाठी साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमचे भरते. चार कप गोड चहात ती सहज ओलांडली जाते.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील दंतमहाविद्यालयांत सार्वजनिक दंतारोग्य शिकविताना विपेहोल्मचा प्रयोग आवर्जून शिकविला जातो. पाठ्यपुस्तकांतून त्याचे गट, त्यांना दिलेली मिठाई आणि निष्कर्ष विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतात. माझी त्या अध्यापकांना एवढीच विनंती आहे, की त्याच तासाला, त्याच फळ्यावर, हेही लिहावे: हे ४३६ जण कोण होते, ते तेथे का होते, त्यांना कोणी विचारले नाही, आणि प्रयोग चालू असतानाच न्यूरेंबर्गचा निकाल लागला होता. परीक्षेत यावर प्रश्न आला नाही तरी लिहावे. आणि ज्या घरी हा लेख वाचला जाईल, त्या घरातील मुलांच्या खाऊची वेळ जेवणाला जोडून एक ठरवून टाकावी. शनिवारच असला पाहिजे असे नाही.